लोहारपुत्र मायकेल फॅरडे

गावाच्या वेशीबाहेर, बहुधा एखाद्या शेताच्या बांधावर, दोन खांबांवर बसविलेली एक राखी रंगाची लोखंडी पेटी असते. तिला लोक डीपी म्हणतात. पुस्तकात तिचे नाव रोहित्र असे आहे. ती जळाली म्हणजे विहिरीवरील पंप बंद पडतो, पिठाची गिरणी थांबते, आणि सायंकाळच्या प्रार्थनेस पुन्हा कंदील शोधावा लागतो. ह्या पेटीत असते तरी काय, असे विचारले असता पुष्कळांस उत्तर देता येत नाही. आत लोखंडाचा एक गाभा असून त्यावर तारेची वेटोळी गुंडाळलेली असतात. एका वेटोळ्यात बाहेरून विजेचा प्रवाह येतो, दुसऱ्यातून तो गावाकडे निघतो, आणि ह्या दोन वेटोळ्यांच्या तारा एकमेकींस कोठेही जोडलेल्या नसतात. अशी वस्तू 1831 साली लंडन शहरात ज्या गृहस्थांनी आपल्या हातांनी तयार केली, ते एका गरीब लोहाराचे पुत्र होते आणि एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते. त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

मायकेल फॅरडे यांचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी, त्या वेळी लंडन शहराच्या कडेस असलेल्या न्यूइंग्टन ह्या ठिकाणी झाला. त्यांचे वडील जेम्स फॅरडे हे इंग्लंडच्या उत्तर भागातून पोट भरण्यासाठी राजधानीस आलेले लोहार. त्यांची प्रकृती क्षीण होती, त्यामुळे ऐरणीवर सलग काम होत नसे, आणि घरात चार मुले. 1801 साली धान्य फार महाग झाले, तेव्हा लहान मायकेलच्या वाट्यास आठवड्याला एक पाव येत असे व तो त्याला सात दिवस पुरवावा लागे, असे सांगतात. शाळेत तो वाचणे, लिहिणे आणि थोडे गणित एवढेच शिकला. पुढे सगळ्या जगास विजेचे नियम सांगणाऱ्या ह्या पुरुषास उच्च गणित आयुष्यभर आले नाही, ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. गणिताची उणीव चांगली असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. परंतु जे हाती होते त्यावर त्यांनी काम केले.

1804 साली, तेरावे वर्ष लागले असता, रीबो नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानी तो पोऱ्या म्हणून राहिला. गिऱ्हाइकांस वर्तमानपत्रे वाचावयास देऊन ती परत आणणे, हे त्याचे काम. मुलगा विश्वासू आहे असे पाहून धन्याने दुसऱ्या वर्षी त्यास पुस्तकबांधणीच्या उमेदवारीस घेतले, आणि अशा वेळी मुलाच्या बापाकडून जी रक्कम घेण्याची रीत होती ती घेतली नाही. उमेदवारी सात वर्षांची होती. बांधणीस आलेली पुस्तके मायकेल नुसती शिवीत नसे, रात्री ती वाचीतही असे. एका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट ह्या बाईंनी संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक, ह्या दोहोंनी त्याचे मन ओढून घेतले. वाचलेले खरे की खोटे, हे तो चार पैशांच्या बाटल्या व तारा आणून स्वतः करून पाही. गीतकार आयझॅक वॉट्स यांनी मनाच्या सुधारणेविषयी लिहिलेल्या पुस्तकाप्रमाणे त्याने टिपणवही ठेवण्याची सवय लावून घेतली, ती म्हातारपणापर्यंत सुटली नाही. शास्त्रावरील व्याख्यानांची फी एक शिलिंग असे. ती त्याचा वडील भाऊ रॉबर्ट, जो स्वतः लोहारच होता, आपल्या कमाईतून देत असे. बाप 1810 साली वारला होता.

1812 साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्यास रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेतील सर हम्फ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने ती व्याख्याने उतरून घेतली, आकृत्या काढल्या, सर्व पाने आपल्याच हाताने बांधून त्यांचा ग्रंथ केला, आणि तो डेव्ही साहेबांकडे पाठवून नोकरी मागितली. जागा नव्हती, तेव्हा बांधणीचाच धंदा धरून राहा असा सल्ला त्यास मिळाला. परंतु थोड्याच महिन्यांनी प्रयोगशाळेतील मदतनिसाने मारामारी केली व त्यास काढून टाकण्यात आले. 1 मार्च 1813 रोजी त्या जागी लोहाराच्या मुलाची नेमणूक झाली. वेतन आठवड्यास 25 शिलिंग, आणि राहावयास माळ्यावरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही साहेब पत्नीसह युरोपच्या प्रवासास निघाले व फॅरडे यांस बरोबर नेले. पॅरिस व इटली येथील मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांनी ह्या दीड वर्षात पाहिले. पण साहेबांचा खासगी नोकर ऐन वेळी आला नाही, म्हणून कपड्यांची व सामानाची कामेही त्यांच्याच गळ्यात पडली, आणि मडमसाहेब त्यांस नोकरांच्या पंक्तीस बसवीत. ज्यांना पंक्तीचा अपमान ठाऊक आहे त्यांस ह्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. सर्व सोडून घरी परतावे असे त्यांच्या मनात वारंवार आले, तरी शिकण्याच्या लोभाने ते राहिले.

1821 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठे ठरले. जून महिन्यात सेरा बार्नर्ड ह्या त्यांच्याच मंडळीतील एका वडिलांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला, आणि जुलैमध्ये त्यांनी मंडळीपुढे आपल्या पापांची व विश्वासाची कबुली देऊन सभासदत्व घेतले. सप्टेंबरात त्यांनी पाऱ्याच्या वाटीत एक लोहचुंबक उभा करून प्रवाह वाहणारी तार त्याच्याभोवती आपोआप फिरावी अशी योजना केली. विहिरीवरील मोटारीचा मूळ पुरुष तो हाच. ह्या शोधामुळे त्यांच्यावर दुसऱ्याची कल्पना घेतल्याचा आळ आला, आणि 1824 साली रॉयल सोसायटीत त्यांची निवड व्हावयाची होती तेव्हा खुद्द डेव्ही साहेब विरुद्ध गेले. निवड झाली, एकच मत विरुद्ध पडले. 

आता आम्ही त्या 1831 सालच्या गोष्टीकडे येतो. डेन्मार्क देशातील अर्स्टेड नामक अध्यापकांनी 1820 साली दाखविले होते की, तारेतून प्रवाह वाहू लागला म्हणजे जवळची चुंबकसूची हलते. अर्थात विजेपासून चुंबकत्व उत्पन्न होते. मग चुंबकत्वापासून वीज का होऊ नये? हा प्रश्न फॅरडे यांनी 1822 सालीच आपल्या वहीत टिपून ठेविला होता. 1825 साली त्यांनी प्रयत्न केले, 1828 साली पुन्हा केले, आणि दोन्ही वेळा हाती काही लागले नाही. दुसऱ्या देशांतील विद्वानही चुंबकाजवळ तार ठेवून वाट पाहत बसत. चुंबक स्थिर, तार स्थिर, आणि प्रवाह मात्र यावा अशी सर्वांची अपेक्षा.

29 ऑगस्ट 1831 रोजी फॅरडे यांनी नरम लोखंडाचे एक कडे घेतले. त्याचा बाहेरचा व्यास सहा इंच होता. एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेचे एक वेटोळे व दुसऱ्या अर्ध्या भागावर निराळे वेटोळे त्यांनी गुंडाळले. तेव्हा रबराने मढविलेली तार मिळत नसे, म्हणून तारेच्या फेऱ्यांमध्ये सुतळी व थरांमध्ये मांजरपाटाचे कापड घातले, जेणेकरून तारेला तार लागू नये. दुसऱ्या वेटोळ्याची टोके जोडून ती तार सुमारे तीन फुटांवर एका चुंबकसूचीवरून नेली. मग पहिले वेटोळे बॅटरीस जोडले. त्याच क्षणी सूची थरथरली, हेलकावे खाल्ले, आणि पूर्ववत् उभी राहिली. बॅटरीचा प्रवाह तर चालूच होता. सूची मात्र स्तब्ध. त्यांनी बॅटरी तोडली, तेव्हा ती पुन्हा हलली.

दुसऱ्या कोणी ही थरथर टेबलाच्या धक्क्याने झाली असे समजून सोडून दिली असती. फॅरडे यांनी तिचा अर्थ ओळखला. सृष्टीने त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले होते, पण ते त्यांच्या अपेक्षेप्रमाणे नव्हते. चुंबकत्व नुसते असल्याने वीज होत नाही. ते वाढत असता अथवा कमी होत असता, म्हणजे बदलत असता, जवळच्या तारेत वीज उत्पन्न होते. ह्यासच विद्युत्चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. 17 ऑक्टोबर रोजी त्यांनी कागदाच्या पोकळ नळीवर तार गुंडाळली आणि तिच्यात साडेआठ इंचांचा एक लोहचुंबक झटकन घातला. सूची एका बाजूस गेली. चुंबक बाहेर काढला, ती दुसऱ्या बाजूस गेली. आत नुसता पडून राहिला तेव्हा काही झाले नाही. 28 ऑक्टोबर रोजी एका मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये त्यांनी तांब्याची बारा इंची तबकडी फिरविली, आणि जोवर ती फिरत होती तोवर प्रवाह वाहत राहिला. चुंबकाच्या योगे हाताच्या श्रमापासून सतत वीज मिळण्याची ही जगातील पहिलीच वेळ. 24 नोव्हेंबरपासून हे सर्व रॉयल सोसायटीपुढे वाचले गेले. अमेरिकेत जोसेफ हेन्री नावाचे एक अध्यापक त्याच सुमारास त्याच गोष्टीपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले होते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

गणित येत नसल्यामुळे फॅरडे यांनी ह्या नियमाचे चित्र मनात उभे केले. कागदाखाली चुंबक ठेवून वर लोहाराच्या कानशीखाली पडणारा लोखंडाचा कीस भुरभुरला असता त्याच्या वळणदार रेघा उमटतात. ह्या शक्तिरेषा तारेने छेदल्या म्हणजे तारेत वीज होते, असे ते म्हणत. तार जितकी वेगाने हलेल, चुंबक जितका बलवान असेल, वेटोळ्याचे फेरे जितके अधिक असतील, तितका दाब अधिक. पुष्कळ पंडितांस हे चित्र पोरकट वाटले. पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ह्याच चित्रास गणिताची भाषा दिली, तेव्हा त्याचा खोलपणा सर्वांस कळला.

मग डीपी अखंड काम कशी करते, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात येईल. कारण फॅरडे यांची सूची तर केवळ जोडताना व तोडताना हलली. ह्याचे उत्तर असे की, आपल्या तारांतील प्रवाह स्थिर नसतो. तो एकदा इकडे व एकदा तिकडे, असा दर सेकंदास 50 आवर्तने करितो. जणू कोणी अदृश्य हात बॅटरी सदैव जोडीत व तोडीत आहे. म्हणून गाभ्यातील चुंबकत्व सारखे बदलत राहते आणि दुसऱ्या वेटोळ्यात वीज येतच राहते. दुसऱ्या वेटोळ्याचे फेरे कमी ठेविले म्हणजे दाबही त्या प्रमाणात उतरतो. अशा रीतीने 11,000 व्होल्टचा दाब उतरून घरातील दिव्यास 230 व्होल्ट मिळतात. ती पेटी उघडण्याचे वा तिच्यावर आकडा टाकण्याचे धाडस कोणी करू नये, हे येथे सांगून ठेवणे आमचे कर्तव्य आहे; तिने पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष नेले आहेत.

सायकलच्या चाकास घासून दिवा पेटविणारा जो लहान डायनामो असे, त्यात चुंबक व वेटोळे ह्यांपलीकडे काही नसते. आमच्या सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोली येथे 1915 साली डोंगरावरून आणलेल्या पाण्याने प्रचंड चाके फिरू लागली व मुंबईच्या गिरण्यांस वीज पोहोचली, तेथेही तत्त्व तेच. कोळसा जाळा अथवा पाणी पाडा, शेवटी चुंबकाजवळ वेटोळे, अथवा वेटोळ्याजवळ चुंबक, फिरवावा लागतो.

पण फॅरडे यांनी स्वतः ह्या शोधाचा पहिला मोठा उपयोग पाहिला तो समुद्रकिनारी. 1836 सालापासून ते इंग्लंडच्या दीपगृहांचे शास्त्रीय सल्लागार होते. 1858 साली साऊथ फोरलंड येथील दीपगृहात वाफेच्या यंत्राने चुंबकयंत्र फिरवून त्याच्या विजेचा दिवा लावण्यात आला. तो दिवा नीट चालतो की नाही हे पाहण्यासाठी 1860 च्या फेब्रुवारीत, वयाच्या 68 व्या वर्षी, हिमाने रस्ते बुजले असता, हे वृद्ध गृहस्थ कुंपणे व शेते ओलांडून तेथे गेले. अंधारात खडकांवर फुटणाऱ्या जहाजांतील खलाशांचा प्रश्न होता. कोणा सल्लागाराच्या मानाचा नव्हे.

ह्या शोधाचे हक्क स्वतःकडे ठेवून त्यांस अलोट धन मिळविता आले असते. त्यांनी ते केले नाही. कारखानदारांसाठी सल्ल्याची जी कामे ते करीत व ज्यांपासून पगाराच्या कितीतरी पट प्राप्ती होत असे, तीही त्यांनी हळूहळू सोडून दिली, आणि संस्थेने दिलेले वर्षाचे शंभर पौंड, घर, कोळसा व मेणबत्त्या एवढ्यावर संसार चालविला. सरदारकी त्यांनी घेतली नाही, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही नाकारले. 1835 साली सरकारी निवृत्तिवेतनाची गोष्ट निघाली असता मुख्य प्रधानांनी भेटीत अशा वेतनांविषयी हलके उद्गार काढले. फॅरडे तेथून निघून आले व वेतन नको असे त्यांनी कळविले. प्रधानांनी क्षमा मागितल्यावरच ते 300 पौंड त्यांनी स्वीकारले. ह्यात ताठा होता असे काहींस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याने धनाकडे पाठ केली त्यानेच धन देणाऱ्याची तुच्छता सोसावी, असा काही नियम नाही.

त्यांच्या ह्या वागण्याचे मूळ त्यांच्या मंडळीत होते. सँडेमनी नावाचा हा पंथ स्कॉटलंडमधील जॉन ग्लास व त्यांचे जावई रॉबर्ट सँडेमन यांच्यापासून चालला. त्यांच्यात पगारी पाळक नसे. मंडळीने निवडलेले वडीलच उपदेश करीत. पृथ्वीवर संपत्ती साठवू नये हे वचन ते शब्दशः पाळीत. रविवारी दोन उपासनांच्या मध्ये गरीब व श्रीमंत एकत्र बसून प्रीतिभोजन करीत, आणि एकमेकांचे पाय धूत. मंडळीचा प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा असा कडक नियम होता. लंडन येथील त्यांचे उपासनामंदिर एका गल्लीत होते. राजपुत्र ज्यांची व्याख्याने ऐकावयास येत ते फॅरडे तेथे साध्या बाकावर कारागिरांच्या शेजारी बसत. 1832 साली ते डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक झाले व आजाऱ्यांच्या आणि गरिबांच्या घरी जाऊ लागले. 1840 साली ते वडील निवडले गेले. त्यांचा उपदेश ऐकण्यास कधी कधी परके लोक कुतूहलाने येत व निराश होत, कारण व्याख्यानातील तेज तेथे नसे. ते शास्त्रातील एका वचनामागून दुसरे वचन वाचीत आणि आपले शब्द फार थोडे घालीत. आमच्या प्रचारक बंधूंपैकी काहींस हे वाचून धीर येईल.

मग 1844 च्या मार्चअखेरीस ही मंडळी फॅरडे यांच्यावर उलटली. त्यांस सहभागितेतून वगळण्यात आले. राणीने रविवारी भोजनास बोलाविले, ते गेले, आणि त्याबद्दल पश्चात्ताप दाखविला नाही म्हणून हे झाले, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत छापलेली आहे आणि उपदेशांत सांगितली जाते. परंतु मंडळीचे कागद ज्यांनी तपासले त्यांस असे दिसले की, त्याच वेळी आणखी कितीतरी सभासद वगळले गेले होते, आणि वाद मंडळीच्या शिस्तीविषयी होता. म्हणून राणीची गोष्ट आम्ही सोडून देतो. कारण काही असो, सगळ्या युरोपात ज्यांचा मान होता त्या 52 वर्षांच्या पुरुषास त्याच्या स्वतःच्या सोयऱ्यांनी व शेजाऱ्यांनी बाहेर ठेविले. त्यांस दुसरी मंडळी सहज मिळाली असती. कोणत्याही मोठ्या उपासनामंदिराने त्यांस आदराने पहिल्या बाकावर बसविले असते. ते कोठेही गेले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रात काही लिहिले नाही, आपला गट जमविला नाही. त्या दिवसांत त्यांचे मन फार खचले होते. पाच आठवड्यांनी, मे महिन्यात, त्यांस परत घेण्यात आले, पण वडीलपण गेले ते सोळा वर्षे परत मिळाले नाही, आणि पुन्हा एकदा वगळले गेल्यास तो निकाल कायमचा असे. ती सोळा वर्षे ते साधे सभासद म्हणून दर रविवारी येत राहिले. खेड्यातील मंडळ्यांत तंटे कसे होतात व त्यांतून माणसे कशी फुटून जातात हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

1853 साली इंग्लंडात टेबल फिरविण्याचे वेड शिरले. माणसे गोलाकार बसत, टेबलावर हात ठेवीत, आणि टेबल फिरे. भुते ते फिरवितात असे कोणी म्हणत, वीज फिरविते असे कोणी म्हणत. फॅरडे यांनी मंडळी जमविली ती प्रामाणिक लोकांचीच निवडली. हातांखाली त्यांनी पुठ्ठ्यांचे थर मऊ चिकट गोळ्यांनी एकमेकांवर बसविले. टेबल फिरल्यावर पाहिले तो वरचा पुठ्ठा खालच्याच्या पुढे सरकलेला. म्हणजे आधी हात हलला व मागून टेबल. मग हात सरकताच हलणारी एक काडी त्यांनी सर्वांस दिसेल अशी लावली. आपण ढकलतो आहो हे दिसू लागताच टेबलाचे फिरणे थांबले. कोणी लबाडी केली असे त्यांनी म्हटले नाही. मनुष्याची इच्छा त्याच्या नकळत हातात उतरते, एवढेच त्यांनी दाखविले. प्लँचेटवर बसणाऱ्यांनी, आणि अंगात आलेल्यापुढे नारळ ठेवणाऱ्यांनीही, ह्या काडीचा विचार करावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विजेच्या नियमांवरून देव सिद्ध होतो असा उपदेश फॅरडे यांच्या नावावर करणारे आहेत. त्यांनी स्वतः तसे कधी केले नाही. सृष्टी देवाने केली व तिच्यात त्याचे नियम आहेत असे ते मानीत. पण 1854 सालच्या एका व्याख्यानात त्यांनी उघड सांगितले की, तारणाचे ज्ञान मनुष्यास आपल्या तर्काने मिळत नाही, ते प्रकट केलेले असते व विश्वासाने घ्यावे लागते. प्रयोगशाळेत ते आपल्या प्रत्येक मतावर संशय घेत आणि मंदिरात ग्रंथ उघडून बसत. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा ह्याविषयी विद्वानांचे वाद आहेत. फॅरडे यांस तो घालण्याची गरज वाटलेली दिसत नाही.

त्यांस मूलबाळ झाले नाही. दुसऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी नाताळची व्याख्याने चालविली, त्यांपैकी 1860 साली दिलेली मेणबत्तीवरील व्याख्याने आजही वाचली जातात. 1860 साली ते पुन्हा वडील झाले व चार वर्षांनी त्यांनी ते पद आपण होऊन सोडले, कारण स्मरणशक्ती, जी मध्यम वयापासूनच त्यांस दगा देत होती, ती आता फारच क्षीण झाली होती. राणीने हॅम्प्टन कोर्ट येथे राहावयास घर दिले होते. तेथे खुर्चीवर बसले असता 25 ऑगस्ट 1867 रोजी त्यांनी शांतपणे प्राण सोडला.

इंग्लंडातील थोर पुरुषांस जेथे पुरतात त्या वेस्टमिन्स्टर मंदिरात आपणांस पुरू नये असे त्यांनी आधीच सांगून ठेविले होते. लंडनच्या हायगेट दफनभूमीत, राजमान्य मंडळीबाहेरच्या लोकांसाठी राखलेल्या भागात, थोड्या आप्तांनी त्यांस मातीत ठेविले. दगडावर त्यांचे नाव आणि जन्म व मृत्यू यांच्या तारखा कोरल्या. सेराबाई 1879 साली वारल्या व त्यांच्याच शेजारी निजल्या.